पोडाच्या चावडीपासून कचेरीपर्यंत

विदर्भातील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांची अंतर्रचना जवळपास एकाच साच्यातून निघालेली दिसते. पश्चिमेच्या उन्हाला सामोरी जाणारी काचेची दर्शनी भिंत, तिच्यामागे कायमचे ओढलेले पडदे, प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत, लॅमिनेट चिकटवलेली टेबले, चकचकीत फरशी, आणि एवढे सगळे बसण्याजोगे राहावे म्हणून दिवसभर चालणारी वातानुकूलन यंत्रे, असा हा साचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. अशा ठिकाणी हा साचा फार महाग पडतो, कारण तो तयार करताना दूरच्या कारखान्यात ऊर्जा खर्च झालेली असते, तो चालवताना दर उन्हाळ्यात ती पुन्हा खर्च होते, आणि दहा-बारा वर्षांनी तो मोडला की त्यातले फारसे काही दुसऱ्यांदा वापरता येत नाही. इमारतीची किंवा तिच्या अंतर्भागाची शाश्वतता तपासताना अभ्यासक याच गोष्टी मोजतात. वस्तू घडवताना आणि वाहून आणताना खर्च झालेल्या ऊर्जेला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात, आणि वापराच्या काळात लागणाऱ्या ऊर्जेला परिचालन ऊर्जा.

या साच्याला कंटाळलेल्या रचनाकारांनी अलीकडे एक सोपी वाट शोधली आहे. साचा तसाच ठेवायचा आणि एका भिंतीवर आदिवासी चित्र काढून घ्यायचे. यवतमाळच्या बाबतीत ही वाट विशेष फसवी आहे, कारण ज्या चित्रांना ‘आदिवासी’ म्हणून सरसकट भिंतीवर चढवले जाते ती या जिल्ह्याची नाहीत. वारली चित्रे पालघर-डहाणू परिसरातील आहेत. आणि गोंड चित्रकला या नावाने ओळखली जाणारी शैली मध्य प्रदेशातील पाटणगढ या गावच्या परधान कलावंतांनी, विशेषतः जनगढसिंह श्याम यांनी, १९८० नंतर कागदावर आणि कॅनव्हासवर विकसित केली. दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभलेले आहे. यवतमाळच्या कोलामांच्या, गोंडांच्या आणि आंधांच्या परंपरेचे सामर्थ्य चित्रापेक्षा अधिक जागेच्या वापरात, साहित्याच्या निवडीत आणि हाताच्या कसबात आहे. कचेरीने घ्यायचे असेल तर ते घ्यावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जिल्ह्याचा भूभाग समजल्याशिवाय या प्रतिपादनाला आधार मिळत नाही. सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा उत्तरेला व पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्यांनी वेढलेला असून अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी या नद्या त्याच्या पोटातून वाहतात. बहुतेक भागाखाली दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा पाषाण आहे. तो झिजून कापसाची काळी माती तयार झाली. पूर्वेकडे वणीच्या बाजूला मात्र भूगर्भ बदलतो आणि कोळसा व चुनखडी लागते. डोंगरउतारांवर सागाचे पानझडी जंगल आहे, त्यात ऐन, धावडा, मोह, पळस, तेंदू आणि मानवेल जातीचा बांबू आढळतो. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य हा या जंगलाचा सर्वपरिचित भाग. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आली, आणि पुढे स्वतंत्र झालेला झरी-जामणी तालुकाही याच पट्ट्यातला.

भूभागातल्याच साहित्यातून आणि कसबातून घडलेल्या कचेरीचा निकटचा आणि नीट नोंदलेला नमुना यवतमाळच्या सीमेलगतच्या वर्धा जिल्ह्यात आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहायला आले. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतले हे गाव पुढे, बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने, १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तेथील झोपड्या स्थानिक साहित्यातून आणि स्थानिक कारागिरांच्या हातून उभ्या राहाव्यात, असा गांधीजींचा आग्रह होता. १९३७ च्या जानेवारीत ‘हरिजन’मध्ये आदर्श खेड्याविषयी लिहिताना त्यांनी घराचे साहित्य पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या परिघात मिळणारे असावे असे सुचवले. याच विचाराने वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या पुढच्या अर्धशतकाच्या कामाला दिशा दिली.

सेवाग्रामच्या वास्तूंकडे बहुतेक लोक निवासस्थान म्हणून पाहतात, पण ती कार्यालयेही होती, आणि फार वर्दळीची कार्यालये होती. देशभरातून येणारा पत्रव्यवहार, कार्यकारिणीच्या सभा, परदेशी पाहुणे, आणि व्हाइसरॉयशी थेट बोलता यावे म्हणून बसवलेला दूरध्वनी, एवढा कारभार मातीच्या भिंतींआड चालत असे. सचिवालयाचे काम जिथे चाले ती झोपडी आजही ‘बापू दफ्तर’ म्हणून जपलेली आहे, आणि तिथे दूरध्वनीबरोबर साप पकडण्याचा लाकडी चिमटा व पिंजरा ठेवलेला दिसतो. सापाला मारायचे नाही, पकडून दूर सोडायचे, हा नियम होता. कार्यालयाच्या साहित्यात अशा वस्तूची गणना व्हावी, यातच रचनाकाराला शिकण्यासारखे पुष्कळ आहे: इमारत ज्या भूमीवर आहे त्या भूमीवरचे इतर जीव तिच्यात येणार, हे गृहीत धरून अंतर्भाग सजवलेला होता.

गांधीजी राहत ती बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधली गेली होती. बांबूच्या कामट्यांच्या जाळीवर माती लिंपून केलेल्या भिंती, कवेलूचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, बसायला चटई, टेकायला फळी, लिहायला बुटके मेज आणि कागदपत्रांसाठी बांबूची मांडणी, एवढेच तिचे सामान. भिंतीवर मीराबेन यांनी ओल्या मातीतच उठावाचे काम करून खजुरीची झाडे, मोर आणि चरखा घडवला. सजावट म्हणून बाहेरून आणून टांगलेली वस्तू त्यात नाही, भिंतीचीच माती थोडी पुढे आलेली आहे. १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आलेले विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बराच वेळ बसून राहिले आणि नंतरच्या भाषणात त्यांनी तिच्यातल्या सात प्रकारच्या जागा मोजून दाखवल्या: पादत्राणे काढण्याची, सर्वांना सामावणारी मधली, गांधीजींच्या स्वतःच्या कामाची, पाहुण्यांची, आजाऱ्याची, उघड्या ओसरीची आणि स्नानाची. एवढ्याशा क्षेत्रफळात सात जागा वेगळ्या जाणवतात, याउलट आजच्या मोठ्या दालनात पन्नास टेबले मांडूनही जागा एकच राहते आणि तीत दूरध्वनीवर बोलणारा, हिशेब करणारा व दाद मागायला आलेला असे तिघेही एकमेकांना अडचण होतात. अंतर्रचनेतील विभागणी भिंतींच्या संख्येवर अवलंबून नसते. उंबरठा, जमिनीची पातळी, छताची उंची आणि उजेडाचे प्रमाण यांनी ती अधिक चांगली साधते, हे या कुटीवरून शिकता येते.

यवतमाळच्या सीमेत हीच गोष्ट कोलामांच्या पोडावर अधिक जुन्या रूपात आढळते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, जी बहुधा मूळ गावापासून अलग, जंगलाच्या कडेला असते. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून नोंदवले आहे त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह कोलाम येतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असून मरे एमेन्यू यांनी तिचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत काम केलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की, गोंडसुद्धा स्थानिक दैवतांच्या पूजेसाठी कोलामांना पुजारी मानतात, म्हणजे या भूमीशी कोलामांचे नाते अधिक जुने आहे, अशी शेजाऱ्यांचीच मान्यता आहे. पोडावरची घरे कुडाची, म्हणजे बांबूच्या किंवा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, विणीवर माती लिंपून केलेली असत, आणि वस्तीच्या मध्यावर मोकळ्या जागेत चावडी असे. नाईक, महाजन, कारभारी या परंपरागत पदाधिकाऱ्यांची बैठक तिथे होई, तंटे तिथे मिटत, बाहेरचा पाहुणा तिथे उतरे, आणि दिवाळीच्या सुमारास दंडारी या नृत्योत्सवाच्या दिवसांत माणसे तिथेच जमत. कचेरीची जवळपास सर्व कामे ही चावडी करीत होती.

चावडीकडून कचेरीने घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे तिचे वस्तीतले स्थान. चावडी चहूबाजूंनी दिसते, तिच्यात काय चालले आहे हे चालता चालता कळते आणि तिच्यात शिरताना कोणाला विचारावे लागत नाही. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, पंचायत समितीत किंवा बँकेच्या शाखेत दाखल्यासाठी आलेले कोलाम कुटुंब नेमका उलट अनुभव घेते: आत जाण्याचा मार्ग काचेच्या दरवाजातून, खिडकी उभ्या माणसाच्या उंचीची, बसायची जागा चार खुर्च्यांची, आणि म्हणून अर्धा दिवस बाहेरच्या पायरीवर उन्हात काढणे. अंतर्रचनेचा पहिला खर्च इथे व्हावा. इमारतीच्या दर्शनी अंगाला आठ-दहा फूट खोल छपरी काढून तिच्या कडेने दीड फूट उंचीचा ओटा बांधला, पाण्याचे रांजण सावलीत ठेवले आणि अर्ज स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याचे मेज बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आणून छपरीच्या टोकाशी मांडले, तर कचेरीत येणाऱ्याचा दर्जा पहिल्या पावलालाच बदलतो आणि पश्चिमेचे ऊन मुख्य भिंतीवर पडण्याचेही थांबते. एकाच रचनेने माणसाची आणि उष्णतेची अशी दोन्ही कामे होतात.

परंपरा जशीच्या तशी उचलावी असे मात्र नाही. चावडीच्या बैठकीत वावर आणि शब्द पुरुषांचा असे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याने, गावातील प्रत्येक प्रौढ मतदार स्त्री-पुरुषाला सभेचा सभासद मानले आहे, त्यामुळे आजच्या ग्रामसभा कार्यालयाचा अंतर्भाग आखताना स्त्रियांना बसता, बोलता आणि लेकराला पाजता येईल अशी जागा मध्यभागीच असली पाहिजे. ती कोपऱ्यातली वेगळी खोली असता कामा नये.

साहित्याच्या बाबतीत सर्वांत आधी बांबूचा विचार करावा लागतो. मानवेल हा यवतमाळच्या जंगलातला मुख्य बांबू. तो जवळपास भरीव असल्याने काठ्या, मांडण्या व चौकटींना चांगला, आणि त्याच्या कामट्यांपासून विणलेले तट्टे कोलाम व बुरड कारागीर पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. कचेरीतील विभाजक पडद्या, छताखालचे अस्तर, कपाटांची दारे, दिव्यांची आवरणे या सगळ्यांना तट्टा उपयोगी पडतो, कारण त्याची उंचसखल वीण आवाज विखुरते आणि हवा अडवत नाही. परंतु बांबूविषयीचा भाबडेपणा घातक ठरतो. कोवळा बांबू तोडला, किंवा तोडून तसाच वापरला, तर त्यातल्या पिष्टमय अंशावर भुंगा येतो, आणि दोन वर्षांत टेबलाखाली पिवळसर भुकटीचे ढीग दिसू लागतात. तीन वर्षांहून जुने वासे पावसाळा संपल्यावर तोडणे, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवणे आणि मग बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या सौम्य द्रावणात मुरवणे, एवढे केले तर भुंग्याला अन्न उरत नाही. आगीची काळजी याहून मोठी. २०२१ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या नव्या संकुलाला लागलेल्या आगीत फार मोठे नुकसान झाले, आणि ही घटना विदर्भातल्या प्रत्येक रचनाकाराने ध्यानात ठेवावी अशी आहे: विजेच्या तारा तट्ट्यालगत उघड्या न नेता धातूच्या नळीतून न्याव्यात, सलग लांबीच्या तट्ट्यांमध्ये मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याचे पट्टे सोडावेत, आणि बाहेर पडण्याच्या मार्गावर बांबू शक्यतो वापरू नये.

बांबू ‘स्थानिक’ आहे की नाही, हे केवळ भूगोलाने ठरत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्ष मानले होते, त्यामुळे जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला घराशेजारचा वासा तोडणे हा गुन्हा होता. यवतमाळच्या लोकांनी या प्रश्नाला फार पूर्वी तोंड फोडले होते. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह करता येत नव्हता, म्हणून लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू झाला. जे गवत जनावरांच्या दावणीला आणि घरांच्या छपराला लागत होते तेच या लढ्याचे प्रतीक बनले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली, २०११ च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला बांबू विक्रीचे व वाहतूक परवान्याचे अधिकार हाती मिळाले, आणि २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणून यवतमाळच्या कचेरीसाठी बांबू घेताना तो ठेकेदाराच्या वखारीतून न घेता सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून, तिच्या परवान्यावर आणि तिने ठरवलेल्या दराने घेणे, हा शाश्वततेचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

कापूस हे जिल्ह्याचे दुसरे मोठे साहित्य, आणि अंतर्रचनेत त्याचा विचार जवळजवळ होतच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ रेल्वे प्रामुख्याने कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठीच टाकली गेली, आणि तेव्हापासून जिल्ह्याचा कापूस कच्च्या रूपात बाहेर जातो व कापड किंवा गादी होऊन महाग परत येतो. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याच्या प्रक्रियेत, निघणारी आखूड धाग्याची टाकाऊ रुई दाबून तिचे जाड पत्रे केले तर ते आवाज शोषतात; भिंतीवर चौकटीत ताणून त्यावर हातमागाचे किंवा खादीचे कापड चढवले की मोठ्या दालनातला गोंगाट उतरतो. शेतात उरणारी पऱ्हाटी तर याहून मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या चिपांपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याची पद्धत विकसित केली आहे. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेण्याची, किंवा पऱ्हाटी बांधावर रचून ठेवण्याची सवय गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देते, म्हणून कृषी विभाग ती वेळेत काढायला सांगतो आणि शेतकरी बहुधा ती पेटवून देतो. याच पऱ्हाटीला बोर्डासाठी मोल मिळाले तर शेताचाही फायदा होतो, फक्त तिच्या चिपा लगेच करायला हव्यात, नाहीतर अळीचा साठाच कारखान्याच्या आवारात येऊन पडतो. एक इशारा इथेही द्यावा लागतो: असे बोर्ड बांधण्यासाठी वापरला जाणारा युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंक बंद खोलीत वायू सोडतो आणि त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, त्यामुळे कमी उत्सर्जनाच्या प्रमाणित दर्जाचाच बोर्ड घ्यावा आणि त्याच्या उघड्या कडा बंद कराव्यात.

भिंतींच्या आतल्या अंगाला काय लावावे, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या पूर्वेकडे मिळते. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. त्याच पट्ट्यात, मुकुटबनला, सिमेंटचा मोठा कारखानाही उभा राहिला आहे. दोन्ही साहित्ये एकाच चुनखडीच्या प्रदेशातली, तेव्हा अंतराच्या कसोटीवर दोन्ही स्थानिकच ठरतील, आणि म्हणून अंतर ही एकटी कसोटी पुरत नाही. सिमेंटचे क्लिंकर सुमारे १,४५० अंशांवर भाजले जाते, चुना सुमारे ९०० अंशांवर. शिवाय भाजताना बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग चुन्याचा गिलावा वाळता वाळता हवेतून परत घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. कळीचा चुना पाण्यात विझवून तो लोण्यासारखा मऊ होईपर्यंत आठवडेच्या आठवडे मुरवायचा, मग वाळू मिसळून घाणीत मळायचा, आणि गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणी घालून त्याला चिकटपणा आणायचा, ही जुन्या गवंड्यांची रीत होती. घोटून गुळगुळीत केलेली अशी भिंत पावसाळ्यात ओलावा शोषून कोरड्या दिवसांत सोडते, तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि तिला प्लास्टिकच्या रंगाची गरज राहत नाही. गेरू आणि पांढरी माती एवढ्यावर तिचा रंग भागतो. आज अडचण साहित्याची नाही. मुरवण्याला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरला जात नाही, आणि ते काम जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत.

काळ्या मातीबद्दलही एक सावधगिरी हवी. ती भूदृश्याची ओळख म्हणून कितीही आकर्षक वाटली तरी तिच्यातली खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर भेगाळतात, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीच्या विटा किंवा गिलावा टिकत नाही. जुनी घरे म्हणूनच गावकुसाच्या पांढऱ्या मातीची बांधली जात आणि आजही मुरूम व वाळू मिसळूनच मातीच्या दाबलेल्या विटा कराव्या लागतात. सारवलेली जमीनही चाकांच्या खुर्च्यांखाली आठवडाभर टिकणार नाही, हे मान्य करून तिथे दगडी फरशी घालावी. शहाबादी फरशी कर्नाटकातून येते. पण दोन पिढ्या टिकणारी दुरून आणलेली लादी ही पाच वर्षांत फेकावी लागणाऱ्या जवळच्या वस्तूपेक्षा बरी.

उष्णतेचा हिशेब मांडताना एक नवा आधार उपलब्ध आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील अभ्यासकांनी भारतीय कार्यालयांतील माणसांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून तयार केलेले प्रतिमान राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत आले आहे. त्यानुसार खिडक्या उघड्या असलेल्या कार्यालयात माणसाला सुखावह वाटणारे तापमान बाहेरच्या हवेबरोबर वर सरकते. मागच्या तीस दिवसांची बाहेरची सरासरी ३४ अंश असेल तर पंख्याखाली बसलेल्या माणसाला सुमारे ३१ अंश चालतात. उन्हाळ्यात २२ अंशांचा हट्ट धरण्याला शरीरशास्त्राचा आधार नाही. जाड भिंत, खोल छपरी, कवेलूखाली तट्ट्याचे अस्तर आणि त्या दोहोंमध्ये खेळती हवा, अधूनमधून एखादे काचेचे कवेलू उजेडासाठी, आणि सर्वांत कडक दुपारी वाळ्याच्या ओल्या टट्ट्यांतून ओढलेला वारा, एवढ्याने वर्षातला बहुतेक काळ निभावतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने ४४ अंशांची हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि त्यासाठी लागणारी वीज वातानुकूलनाच्या मानाने थोडी असते. लागते ते पाणी, आणि निळोणा व चापडोह ही धरणे आटल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसले हे लोकांच्या स्मरणात आहे. छपरावरच्या पावसाची साठवण टाकी कूलरच्या गरजेच्या मापाने बांधलेली नसेल तर ही रचना अपुरी राहते. टाकीचा खर्च अंतर्रचनेच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

संस्कृतीच्या दृश्य खुणांचा प्रश्न शेवटी उरतोच, कारण कचेरीला चेहरा हवा असतो. इथे काय घ्यावे यापेक्षा काय घेऊ नये हे आधी ठरवणे इष्ट. कोलामांच्या भीमायकाची किंवा गोंडांच्या पेनांची, म्हणजे देवांची, चिन्हे पूजेची आहेत, आणि दंडारीतल्या घुसाडी नर्तकाचा मोरपिसांचा मुकुट व्रतस्थ माणसाच्या डोक्यावर शोभतो. आदिलाबादचे कनक राजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती या परंपरेच्या गांभीर्याची दखल होती. असा मुकुट स्वागतकक्षाच्या भिंतीवर टांगला तर तो सन्मान ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या घोषणापत्रात पूर्वसंमतीचे तत्त्व मांडलेले आहे: आधी, संपूर्ण माहिती देऊन आणि दडपणाशिवाय घेतलेली संमती. पोडाच्या सभेपुढे आराखडा ठेवून, कोणती वीण, कोणता रंग, कोणते नाव वापरायचे हे तिच्याकडून ठरवून घेणे हा या तत्त्वाचा यवतमाळमधला सरळ अर्थ आहे. घेण्यासारख्या खुणांमध्ये भाषेचा मान मोठा. खोल्यांच्या पाट्या मराठीसोबत कोलामीत आणि गोंडीत असाव्यात; गोंडीसाठी बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली लिपी आणि पैनगंगेपलीकडे गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडलेली लिपी या दोन्ही २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, दाखल झाल्या असून पाटी छापायला आता तांत्रिक अडचण उरलेली नाही.

खरी अडचण निविदेच्या कागदावर आहे. सरकारी कामाचे अंदाजपत्रक दरसूचीवरून बनते, आणि दरसूचीत नसलेल्या बाबीसाठी स्वतंत्र दरविश्लेषण करून मंजुरी घ्यावी लागते. लॅमिनेटचा दर तयार असतो, मुरवलेल्या चुन्याचा किंवा बोरॅक्समध्ये भिजवलेल्या तट्ट्याचा तो नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि घाईत असलेला अभियंता साहजिकच तयार दराकडे वळतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने १९७० च्या दशकापासून मातीच्या शंकाकृती नळ्यांच्या कमानी छपरासारखी तंत्रे तयार केली, मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू तरुणांना बांबूच्या कामात तरबेज केले. म्हणजे ज्ञान शेजारच्या जिल्ह्यांतच आहे. त्यांच्या अनुभवातून अशा बाबींची दरविश्लेषणे एकदा तयार करून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने ती मंजूर करून घेतली, तर पुढच्या प्रत्येक ग्रामसभा भवनाला आणि कार्यालयाला ती वापरता येतील.

त्याबरोबर निविदेत देखभालीचे एक कलम हवे. घराला दिवाळीपूर्वी पोतेरा आणि चुना करण्याची जी वार्षिक रीत आहे, तीच कचेरीलाही लागू पडते: दसरा-दिवाळीच्या दरम्यान भिंतींना चुन्याचा हात, तट्ट्यांची तपासणी व बोरॅक्सचा फवारा, फुटलेली कवेलू बदलणे, फेब्रुवारीअखेर वाळ्याच्या नव्या टट्ट्या, आणि चार-पाच वर्षांनी जीर्ण तट्ट्यांच्या जागी नवे. हे काम ज्या पोडाने मूळ तट्टे विणले त्याच पोडाच्या ग्रामसभेशी दहा वर्षांचा करार करून द्यावे आणि त्याची रक्कम बांधकामाच्या मंजुरीतच राखून ठेवावी, कारण नंतर स्वतंत्र तरतूद मागितली की ती मिळत नाही, तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीचे पोपडे दिसू लागतात, आणि तेच पोपडे दाखवून पुन्हा काच व लॅमिनेटचा प्रस्ताव वर पाठवला जातो.